तीनशे पोती तांदूळ

न्यू जर्सीतल्या आमच्या सार्वजनिक लायब्ररीत दर जानेवारीला खुरपणी असते. तीन वर्षांत कुणी नेली नाहीत ती पुस्तकं शेल्फवरून उपटून काढायची. कॉम्प्युटरवरून यादी छापायची, कार्ट ढकलत रांगेरांगेने फिरायचं, पुस्तक उचलून बांधणी, पानं, डाग बघायचे आणि ठरवायचं, राहणार की जाणार. इंग्रजीतही या कामाला शेतातलाच शब्द आहे. सांगलीकडे आजोळी हळदीची खुरपणी मी पाहिली आहे. तिथे तण कुठलं आणि पीक कुठलं यावर बायकांत कधी दुमत नसे.

यंदाच्या यादीत एकाच कादंबरीच्या दोन प्रती आल्या. सिंडी पॉन यांची ‘सिल्व्हर फिनिक्स’. प्राचीन चीनच्या धाटणीचं राज्य, राक्षस, देव, लग्नातून सुटलेली मुलगी आणि वाटेत भेटलेला मुलगा. २००९च्या हार्डकव्हर प्रतीवर आशियाई चेहऱ्याची मुलगी ऐटीत उभी आहे. नंतर निघालेल्या पेपरबॅकवरही मुलगी आहे, पण चेहरा असा कापलाय की ती कुठलीही वाटावी. त्या बदलावर तेव्हा बरीच ओरड झाली होती. मी दोन्ही प्रती टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. चहा निवला तरी मी त्यांच्याकडेच बघत होते.

मी किशोर विभागाची लायब्रेरियन. बारा ते अठरा वयाची मुलं, दोन बीनबॅग, चार कॉम्प्युटर, फोन चार्ज करायला कायम भांडण. लग्नानंतर इथे आले, व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती म्हणून रटगर्सला लायब्ररीचं शिक्षण घेतलं आणि कागदपत्रं सुधारल्यावर २०१२मध्ये अर्धवेळ काउंटरवर बसू लागले. तेव्हा या वयाच्या मुलींसाठी अद्भुत प्रेमकथा म्हणजे पिशाच्चं, लांडगे आणि पावसाळी अमेरिकन गाव. चिनी, कोरियन, गुजराती, तेलुगू घरांतल्या मुली तीच पुस्तकं नेत, तीच परत आणत. त्यांना त्यात काही खटकत असेल असं मला कधी दिसलं नाही. खटकायचं ते मला.

मग २०१५मध्ये रेने आहदिए यांची ‘द रॅथ अँड द डॉन’ आली. अरबी रात्रींचीच गोष्ट, खोरासानात घडणारी. रोज एका नवरीला पहाटे मारणारा तरुण खलिफा आणि मैत्रिणीचा सूड घ्यायला स्वतःहून त्याची बायको होणारी मुलगी. पुढच्या वर्षी रोशनी चोक्शी यांची ‘द स्टार-टच्ड क्वीन’. तिच्यात जन्मपत्रिकेत मरणाशी लग्न लिहिलेली राजकन्या आहे. पत्रिका हा शब्द समजावून न सांगता चालणारं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात पहिल्यांदा पडलं होतं. मी ते एका रात्रीत वाचलं आणि सकाळी नवऱ्याला म्हटलं, यात मंगळ आहे रे! तो म्हणाला, तुझ्या पत्रिकेतही होता, कुणी कादंबरी लिहिली नाही.

त्यानंतर रांगच लागली. २०१९मध्ये एलिझाबेथ लिम यांची शिंपीण, पुरुषवेषात राजवाड्यात शिरून सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांपासून तीन पोशाख शिवणारी. २०२०मध्ये क्लोई गाँग यांनी रोमिओ-ज्युलिएटला १९२६च्या शांघायमधल्या दोन टोळ्यांत नेऊन बसवलं. त्या तेव्हा स्वतः कॉलेजात शिकत होत्या, हे कळल्यावर आमच्या दोन मुलींनी कादंबरी लिहायला घेतली. पुस्तक आलं तेव्हा कोविडचे दिवस होते. आम्ही कागदी पिशवीत पुस्तकं भरून दारात टेबलावर ठेवायचो, गाडीतून हात बाहेर यायचा आणि पिशवी आत जायची. टिकटॉकवर कुणीतरी पुस्तक छातीशी धरून रडायचं आणि चार दिवसांत आमच्याकडे त्याच पुस्तकाला वीस-बावीस होल्ड पडायचे. मुली येत होत्या त्या साहित्यातून नाही. ‘गॉब्लिन’सारख्या कोरियन मालिका आणि चिनी मालिकांतून येत होत्या, नऊशे वर्षं वाट बघणारे नायक बघून. मला म्हणायच्या, मिस, असंच, पण पुस्तकात द्या.

आता माझं खरं मत सांगते, ते मी काउंटरवर सांगत नाही. यातली बरीचशी पुस्तकं पातळ आहेत. रेशीम, चहा, कमळं, राजवाड्यातलं कटकारस्थान, डोळ्याजवळ व्रण असलेला राजपुत्र. नाव चिनी, पोशाख जपानी आणि नायिका तोंड उघडते तेव्हा आमच्याच गावच्या हायस्कूलमधली. मागे शब्दार्थांची यादी. पहिल्यांदा मी नाक मुरडलं तेव्हा आईशी बोलताना तिने सहज विचारलं, “मग आमची ‘मंजुघोषा’ तरी काय होती?” आई मराठी शिकवायची. तिचं बरोबर होतं. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. मराठी कादंबरीने सुरुवातीची बरीच पावलं टाकली तीच मुळी अद्भुतरम्य प्रेमकथेत. राजकन्या, संकटं, योगायोग, शेवटी लग्न. त्यांनाही लोक पातळ म्हणालेच होते आणि लोकांनी त्या वाचल्याही होत्या.

तर मला ही पुस्तकं हवी होती आणि ती दिसायलाही हवी होती. इथेच माझ्या हातून गाढवपणा झाला.

मे महिना इथे आशियाई-अमेरिकन वारसा महिना म्हणून पाळतात. १८४३च्या मे महिन्यात पहिला जपानी माणूस इथे येऊन राहिला आणि १८६९च्या मे महिन्यात, हजारो चिनी मजुरांनी खपून बांधलेला, देश ओलांडणारा लोहमार्ग पुरा झाला, म्हणून मे. २०२२च्या मे महिन्यात मी ठरवलं, नुसतं प्रदर्शन मांडायचं नाही, कायमची सोय करायची. आमच्याकडे पुस्तकाच्या पाठीवर लावायची लेबलं तयार मिळतात. रहस्यकथेला भिंग, प्रेमकथेला बदाम, फँटसीला युनिकॉर्न. आशियाचं लेबल मिळत नव्हतं, म्हणून मी ते घरी बनवलं. लाल कंदील. लेबलच्या कागदावर छापून सत्तेचाळीस पुस्तकांच्या पाठीवर चिकटवले, वरून पारदर्शक पट्टी. दोन संध्याकाळी गेल्या. रांग लांबून लालेलाल दिसायची आणि मला भारी समाधान वाटायचं.

तिसऱ्या दिवशी पोहण्याच्या सरावाहून थेट येणारी एक मुलगी, नेहमीप्रमाणे ओल्या केसांनी, काउंटरला टेकून उभी राहिली. पंधरा वर्षांची, आईवडील कोरियातून आलेले. हातात अ‍ॅक्सी ओ यांची ‘द गर्ल हू फेल बिनीथ द सी’. त्याच वर्षी फेब्रुवारीत निघालेली, आमच्याकडे नवीकोरी.

“मिस, हा कंदील कुठला आहे?”

मी म्हटलं, फुकट मिळणारं चित्र आहे.

“नाही, कुठल्या देशाचा?”

मला उत्तर आलं नाही. तिने पुस्तक घेतलं नाही, रांगेपाशी गेली आणि एकेक कंदील मोजत परत आली. तिचा हिशेब असा: खोरासानातली गोष्ट, शांघायची गोष्ट, कोरियातली गोष्ट, सगळ्यांवर एकच दिवा. संगू मंदाना यांची महाभारतावरची कादंबरी तर चक्क अंतराळात घडते, तिच्यावरही कंदील. आणि एलिझाबेथ लिम यांच्या ‘सिक्स क्रिमसन क्रेन्स’मधल्या सहा भावांचे पक्षी होतात, ती तर युरोपातली हंसांची गोष्ट. “म्हणजे हा कंदील लेखकाच्या आडनावाचा आहे का?” तिने अगदी शांतपणे विचारलं. पंधराव्या वर्षी मी इतकं शांतपणे कुणाला काही विचारू शकले नसते.

मी जरा वादही घातला. म्हटलं, लेबल नसलं तर तू हे पुस्तक शोधणार कसं? ती म्हणाली, नावाने.

तिची मुख्य तक्रार मात्र वेगळीच होती, ती बोलता बोलता निघाली. पुस्तक तिने आधीच वाचलं होतं, मैत्रिणीचं. आवडलंही होतं. पण आजीला सांगितलं तर आजी म्हणाली, मग तांदूळ कुठे गेले?

ते प्रकरण मला समजायला पुढचा गुरुवार उजाडला. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आमचं वाचनमंडळ असतं. आठ-दहा मुलं, एक डबा बिस्किटं आणि जे पुस्तक ठरलं असेल ते निम्म्यांनी न वाचलेलं. त्या गुरुवारी पोहणाऱ्या मुलीला न्यायला तिची आजी लवकर आली. बाहेर पाऊस, म्हणून मी त्यांना आत बसवलं. मंडळात त्या कादंबरीमागच्या जुन्या गोष्टीतल्या शिम चॉन्गचं नाव आलं आणि आजी सरसावून बसल्या. त्या कोरियनमध्ये सांगत होत्या, नात डोळे फिरवत इंग्रजीत.

शिम चॉन्गची गोष्ट कोरियात फार जुनी. ढोलकाच्या एका साथीवर एकच माणूस तासन्‌तास कथा गातो, त्या पान्सोरीच्या आज टिकून असलेल्या पाच कथांपैकी ही एक. शिम चॉन्गची आई बाळंतपणातच जाते. बाप आंधळा, तान्ही पोर घेऊन गावभर दूध मागत फिरतो. पुढे देवळात तीनशे सोक, म्हणजे पोती, तांदूळ वाहिले तर दृष्टी येईल असं कुणीतरी सांगतं आणि हा बाबा खिशात दमडी नसताना कबूल होऊन बसतो. इकडे समुद्र शांत करायला बळी द्यायचा म्हणून खलाशी कुमारिका विकत शोधत असतात. पोरगी स्वतःला तीनशे सोक तांदळाला विकते आणि बापाला निघायच्या वेळेपर्यंत पत्ता लागू देत नाही. समुद्रात उडी घेते, नागराजाच्या महालात पोचते, कमळात बसून परत येते, राणी होते, राज्यातल्या सगळ्या आंधळ्यांना जेवायला बोलावते. शेवटी बाप येतो, लेकीचा आवाज ऐकतो आणि त्याचे डोळे उघडतात.

आजींनी उडी, महाल, कमळ वगैरे दोन मिनिटांत उरकलं. त्यांचा जीव दोन ठिकाणी. एक तांदूळ. दुसरी एक खादाड, भांडकुदळ बाई, जी लेक गेल्यावर आंधळ्याच्या घरात शिरते आणि लेकीच्या जिवाच्या मोलाने आलेलं सगळं फस्त करते. तिचं वर्णन करताना आजींनी तोंड भरून चावण्याचा अभिनय केला. मुलं हसून लोळली. मंडळातल्या एका मुलाने फोनवर बघून सांगितलं, एक सोक म्हणजे सुमारे १४४ किलो. तीनशेचे झाले ४३ टन. “एवढं ठेवलं कुठे त्यांनी?” या प्रश्नावर दहा मिनिटं गेली. मी मधे पडले नाही.

ओ यांच्या कादंबरीत तांदळाचा सौदा नाही. तिथे वादळं थांबावीत म्हणून दर वर्षी समुद्रदेवाला एक नवरी दिली जाते. त्या वर्षी पाळी शिम चॉन्गची. पण तिच्यावर जीव असलेला मुलगा बोटीवर चढतो, ते देवाला चालणार नसतं आणि भावाला वाचवायला त्याची धाकटी बहीण मीना तिच्या जागी उडी घेते. खाली तिच्या हाताला लाल धागा बांधलेला निघतो. चीनमध्ये चंद्राखालचा म्हातारा जोडप्याच्या पायांना लाल दोरी बांधतो असं म्हणतात, जपानात धागा करंगळीला असतो. यावरही मुलांनी वाद घातला. पाय की करंगळी?

पण मुख्य वाद झाला तो उडीवरून. एक मुलगी म्हणाली, जुन्या गोष्टीतही ती स्वतःच ठरवते, मग नवीन काय आहे? आमची पोहणारी म्हणाली, नवीन असं की मीनाला कुणी सांगितलेलं नाही. शिम चॉन्गलाही कुणी सांगितलं नव्हतं, पण बापाचं कर्ज तिच्या डोक्यावर होतं. दुसरीने विचारलं, मग भावाचं प्रेम मीनाच्या डोक्यावर नव्हतं का? चष्मेवाला एक मुलगा तोवर गप्प होता, तो म्हणाला, मला तर ‘आयर्न विडो’ आवडलं, तिथे ती कुणासाठीच उडी मारत नाही, थेट मारते. झिरान जे झाओ यांची ही २०२१ची कादंबरी. चीनची एकमेव सम्राज्ञी, ६९० ते ७०५ या काळात स्वतःच्या नावाने राज्य करणारी वू झेतियान, हिला त्यात महाकाय यंत्रमानव चालवायला बसवलं आहे. तो मुलगा ते यंत्रमानवांसाठी वाचायला बसला होता आणि नायिकेचे पाय बांधलेले बघून चिडला होता, कारण तांग काळात पाय बांधत नव्हते. झाओ यांनी पुस्तकातच सांगून ठेवलंय की हा इतिहास नाही, चिनी इतिहासातल्या वेगवेगळ्या काळांचे तुकडे घेऊन रचलेलं वेगळंच जग आहे. ते मी त्याला दाखवलं. वाचून तो म्हणाला, माहितीये, तरी चिडलो.

मी मागे लागून लागून मुलांना आरसा दाखवायला निघाले होते आणि मुलं माझ्यासमोर आरशातल्या तांदळाचं वजन करत होती.

मग कुणीतरी मला विचारलं, मिस, तुमच्याकडे अशी गोष्ट आहे? मी श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेली, म्हटलं, आहे की. आणि राजाने तळं बांधलं, पाणी लागेना, म्हणून सुनेचा बळी दिला, असं ठोकून दिलं. मुलांनी विचारलं, मग? मला मग काय झालं ते आठवेना. आजी माझ्याकडे बघत होत्या. मी वेळ संपल्याचं जाहीर केलं आणि बिस्किटांचा डबा बंद केला.

रात्री साडेनऊ वाजता, म्हणजे तिकडे सकाळी सातला, आईला फोन लावला.

“सुनेचा नाही गं बळी. नातवाचा. शितळासप्तमीची कहाणी ती. विसरलीस ना?”

मग तिने सांगितली, मागे कुकरची शिट्टी होत असताना. जलदेवता राजाला म्हणाल्या, सुनेचा थोरला मुलगा दे, पाणी लागेल. सून कशी कबूल होणार? म्हणून तिला काहीतरी निमित्त काढून माहेरी पाठवली. पोराला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, दागिने घातले, झोपल्यावर पलंगासकट तळ्यात ठेवलं. पाणी आलं. सून भावाबरोबर परत येताना वाटेत सासऱ्यांचं तळं लागलं, भरलेलं. तो दिवस सप्तमीचा. तिला वसा आठवला. काकडीच्या पानावर दहीभात ठेवून तिने पाण्यात सोडला आणि मागितलं, आमच्या वंशातलं कुणी बुडालं असेल तर परत मिळो. पाण्यात उभी असताना तिचा पाय कुणीतरी ओढू लागलं. खाली बघते तर तिचाच मुलगा.

“तिला माहीत नव्हतं?” मी विचारलं.

“माहीत असतं तर पाण्यात उतरली असती का? राजाच्या घरी पोचली असती आधी, कमरेला पदर खोचून.”

पुढच्या गुरुवारी मी चूक कबूल करून नीट गोष्ट सांगितली. आजी तेव्हाही होत्या. आता त्या बोलावल्याशिवाय येत होत्या. नातीने भाषांतर केल्यावर त्या एकच वाक्य बोलल्या. नात म्हणाली, “ती म्हणतेय, राजाने स्वतः उडी मारायला काय झालं होतं?” पोहणारी मात्र गप्प होती. नंतर खुर्च्या लावताना म्हणाली, प्रेमकथेच्या सगळ्या पुस्तकांत नायक पाय धरतो, हात धरतो, मनगट धरतो. पाण्याखालून पाय धरलेला पहिल्यांदा ऐकला. भीती वाटली आणि बरंही वाटलं.

कंदील लावायला लागला त्याच्या दुप्पट वेळ ते काढायला लागला. हेअर ड्रायरने गोंद ढिला करायचा, नखाने कोपरा उचलायचा, हळूहळू सोलायचं. निम्म्या पुस्तकांचं वरचं प्लास्टिकच फाटलं, ते नवीन चढवलं. सहकारी बाई म्हणाल्या, राहू दे ना, छान दिसतं. छान दिसत होतंच. आता ती पुस्तकं लेखकाच्या आडनावाने, पिशाच्चं आणि लांडगे यांच्यामध्ये कुठेही आहेत. खप, म्हणजे नेण्याचं प्रमाण, पहिले दोन महिने घसरलं. माझ्या वरिष्ठांनी आकडे समोर ठेवले आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी मे महिन्याऐवजी वर्षभर एक छोटं टेबल मांडायला लागले: एका कादंबरीशेजारी तिची जुनी गोष्ट. ओ यांच्या शेजारी शिम चॉन्ग, आहदिए यांच्या शेजारी अरबी रात्री. लोककथा आमच्याकडे ३९८.२ या क्रमांकाखाली असतात, मुलांच्या विभागात खालच्या फळीवर. त्या उचलून वर आणाव्या लागतात, एवढंच.

त्या टेबलासाठी पोहणाऱ्या मुलीने खरेदीच्या विनंतीचा फॉर्म भरून दिला. पुस्तकाचं नाव: आईला विचारलं नाही ती गोष्ट. लेखक: रिकामं. भाषा: मराठी. वर्गवारी: प्रेमकथा. मी म्हटलं, ही प्रेमकथा नाही. ती म्हणाली, मग कसली आहे? मी फॉर्म तसाच वर पाठवला. लेखकाशिवाय मागणी नोंदवता येत नाही म्हणून तो परत आला.

आईला सांगितलं. ती म्हणाली, लेखक कसला, आपली चातुर्मासाची पोथी आहे ना घरी. ओळखीतले एक काका-काकू एडिसनला मुलाकडे यायचे होते. त्यांच्याबरोबर मेतकूट, कुळिथाचं पीठ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते जाडजूड पुस्तक आलं. मुखपृष्ठ नाही, पहिली काही पानं नाहीत, कडा हळदीने पिवळ्या. त्याला बारकोड लावता येईना, म्हणून मी ते माझ्या काउंटरवरच ठेवलं.

पोहणारी आता बारावीत आहे. परवा आली, केस तसेच ओले. पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं, पानं वासली, अक्षरांवरून बोट फिरवलं.

“पाय ओढतो ते कुठलं पान?”

मलाही शोधावं लागलं. अनुक्रमणिका पहिल्या पानांबरोबर कधीच गेलेली. सोमवारच्या कहाण्या, शुक्रवारची, नागपंचमी, मग सापडलं. मी ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली, आधी मराठीत, मग इंग्रजीत. तिच्या मागे एक गृहस्थ हातात चुरगळलेला कागद घेऊन उभे होते, प्रिंटर अडकला होता. त्यांना म्हटलं, दोन मिनिटं.